सोड तो चेंडू

पहिला चेंडू एलिसेओनं गंमत म्हणून झेलला.

बेसबॉलमध्ये पिचरचे वेगवान चेंडू झेलणाऱ्या कॅचर ओस्मेलचा तळहात सुजला होता. तो सावलीत बर्फाच्या बादलीत हात बुडवून बसला होता आणि पिचरच्या सरावाला समोर कुणीतरी हवं होतं. एलिसेओनं त्याचा जाड ग्लोव्ह उचलला, जाळीचा मुखवटा चढवला आणि म्हातारीसारखा डुलत जाऊन उकिडवा बसला.

"टाका रे पोरांनो, आजीबाई झेलते!"

सगळे खिदळले. चेंडू आला. ग्लोव्हमध्ये फाट् असा भरीव आवाज झाला. दुसऱ्यालाही तसाच. तिसरा जमिनीला लागून वेडावाकडा उसळला. खुराड्यातून अंडं उचलावं तसा एलिसेओनं तो अलगद उचलला.

चौथ्याला कुणी हसलं नाही.

कुंपणापलीकडे उत्तरेतल्या मोठ्या क्लबकडून आलेले दोन पाहुणे सकाळपासून गप्पा मारत बसले होते. त्यांचा मुख्य संघ हरून हरून रसातळाला गेला होता. जुने खेळाडू विकून ते आता नव्या पोरांवर संघ उभा करणार होते. बोका चिका गावातल्या या सरावाच्या मैदानावर त्यांनी सात शॉर्टस्टॉप गोळा केले होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या त्या एकाच जागेसाठी. त्या जागेवरचा एलिसेओ त्याच्या गल्लीतल्या दुकानाच्या भिंतीवरही रंगवलेला होता, उडी मारून चेंडू फेकताना.

पाहुण्यांच्या गप्पा थांबल्या होत्या.

"झालं का तुझं नाटक?" ओस्मेल ओल्या हातानं जवळ आला. आवाज खाली. "काढ ते तोंडावरचं."

"का रे? जागा जाईल म्हणून जळतोस?"

"माझी जागा घे की, आनंदानं घे." ओस्मेलनं हात पुढं धरला. दोन बोटं कधीतरी मोडून वाकडीच जुळली होती. "मी इथं काय म्हणून आलो होतो, माहितीय?"

"काय म्हणून?"

"शॉर्टस्टॉप. एकदा असाच गंमत म्हणून बसलो."

एलिसेओनं मान वळवून मैदानाकडे पाहिलं. तिकडे बाकीचे सहा जण सरपटी चेंडू अडवत होते. रांगेत त्याच्या जागी फट पडली असेल असं त्याला वाटलं होतं. फट नव्हती. रांग सरकून जुळली होती.

"मग आता?"

"पुढचा सोड. पायांमधून जाऊ दे. त्याच्या पुढचापण. हसू देत त्यांना. ऐक माझं, सोड तो चेंडू."

सोडायचाच, एलिसेओनं ठरवलं. पिचरनं हात फिरवला. चेंडू खाली, डावीकडे, धुळीकडे वळत आला. कुणाच्याही हातून सुटला असता, कुणी बोल लावला नसता. शेवटच्या क्षणी त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

फाट्.

हात केव्हा गेला ते त्याला कळलंच नाही. दुधाच्या रिकाम्या खोक्याचा ग्लोव्ह करून खेळायचा, तेव्हापासून हे हात धरायला शिकले होते. सोडायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"अरे, काय केलंस हे," ओस्मेल पुटपुटला आणि बादलीकडे परत गेला.

कुंपणापलीकडे एक खुर्ची मागे सरकली. एक पाहुणा उठून प्रशिक्षक दागोबेर्तो सरांच्या कानाशी लागला. सर नुसती मान डोलवत राहिले. मग ते मैदान ओलांडून आले. एलिसेओनं घाईघाईनं मुखवटा काढला.

"सर, गंमत चालली होती नुसती. माझी पाळी आलीय तिकडे, जातो मी."

"जाशील रे राजा. घाई काय आहे?" सरांच्या हातात ओस्मेलची पायाला बांधायची कवचं होती. "पाय पुढं कर बघू."

त्यानं पाय पुढं केला. 

एरवी कमरेवर हात ठेवून ओरडणारे सर त्याच्यासमोर धुळीत गुडघे टेकून बसले. शाळेच्या पहिल्या दिवशी लेकराच्या पायात बूट चढवावेत, तसं त्यांनी कवच त्याच्या नडगीवर नीट बसवलं आणि खालचा पट्टा आवळला. मग पट्ट्यात एक बोट घालून पाहिलं.

"घट्ट होत नाही ना, बाळा?" त्यांनी मायेनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वरचा पट्टा ओढला.