रीतसर नमुना

"हे एआयनं केलेलं नाही कशावरून?" विद्यापीठाच्या बांधकाम समितीचे अध्यक्ष डॉ. शांताराम बेहेरे यांनी फोटो टेबलावर टाकला आणि चष्मा पुसायला घेतला.

संपदाचं डोकं सणकलं. त्या एका फोटोसाठी ती गुडघाभर चिखलात बसली होती. बेडूक अंगठ्याएवढा, काखेत पिवळा ठिपका. आजवर कुठल्याही पुस्तकात न नोंदलेला. मानेसरच्या बाजूला विद्यापीठाच्या मागे जे जोहड होतं, पावसाचं पाणी साठणारं जुनं तळं, त्यात तो राहत होता. दुसरीकडे कुठे सापडला नव्हता. आणि ते जोहड बुजवून तिथे पार्किंग होणार होतं. कशाचं पार्किंग? तर नव्या हवामान व जैवविविधता संशोधन केंद्राचं!

समितीत झाडून सगळे प्राध्यापक. बाहेरचे कोणी असते तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. याच मंडळींनी गेल्या महिन्यात सभागृहात उभं राहून हवामान आणीबाणी जाहीर केली होती. ठराव झाला, टाळ्या झाल्या, प्रत्येकाला कुंडीतलं एकेक रोपटं मिळालं. मग ते रोपटं शेजारच्या सीटवर ठेवून जो तो आपापल्या गाडीतून एकटाच नोएडाला नाहीतर गुरुग्रामला घरी गेला. लाज नावाची गोष्ट यांच्या विषयात शिकवत नसावेत.

"सर, आवाजाचं रेकॉर्डिंग पण आहे. बिल्कुल ओरिजिनल. चेक करा ना," संपदा म्हणाली.

"बाळ, मी तुझ्याच बाजूचा आहे," बेहेरे खास मराठीत म्हणाले. "नियम काय सांगतो? दुर्मिळ प्रजाती असेल, तर तिच्या जतनाची सोय झाल्याशिवाय बांधकाम नाही. पण ती आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. आपल्या संग्रहालयात नोंदवलेला रीतसर नमुना आण. शेवटी शास्त्र ते शास्त्र."

संपदाच्या मार्गदर्शक अहिल्या मॅडम बाहेर आल्या त्या खुशीतच. "आपला माणूस आहे. वाट दाखवली बघ त्यानं."

"मॅडम, नमुना म्हणजे मारायचा?"

"हो."

"जिवंतच नेऊ ना, यार... सॉरी, मॅडम. बादलीत नेऊ. सगळ्यांना दिसेल."

"जिवंत बेडूक पुरावा नसतो, संपदा. उडी मारून गेला की आपण खोटे. एक जाईल, पण तळं वाचेल. त्यातले बाकीचे वाचतील. चलो, उशीर नको."

मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांचा नियमांवर विश्वास होता, एखाद्या सासुरवाशिणीचा माहेरावर असतो तसा. संपदाचा त्यांच्यावर होता. तिने जोहडाचा काठ दोन दिवस धुंडाळला आणि एक मादी पकडली. ओंजळीत ती शांत बसून राहिली. पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही तिने, आणि त्याचाच संपदाला सगळ्यात जास्त त्रास झाला. प्रयोगशाळेत औषधाच्या पाण्यात तिला संपदानेच सोडलं. गळ्याखालची धडधड मंद होत गेली, थांबली. पोट अंड्यांनी भरलेलं होतं. मॅडमनी लांबी मोजली, पायाला लेबल बांधलं, स्पिरिटची बरणी घट्ट लावली. संपदा बेसिनपाशी जाऊन ओकली. हात कितीही धुतले तरी तिला ते आपले वाटेनात.

पुढच्या बैठकीत बरणी हातोहात फिरली. ज्यांना फोटो खोटा वाटला होता, तेच आता आपापल्या मोबाईलवर बरणीचे फोटो काढत होते. "ब्यूटिफुल," कोणीतरी म्हणालं. संपदाने दात आवळून धरले. करू देत कौतुक. जोहड वाचलं की झालं.

बेहेरेंनी बरणी उजेडात धरली. काखेतला पिवळा ठिपका नीट पाहिला, लेबल वाचलं. "मान्य," ते म्हणाले. "नवी प्रजाती आहे. निःसंशय." टेबलाभोवती टाळ्या पडल्या. मॅडमनी संपदाचा हात घट्ट दाबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा संपदाला वाटलं, त्या मादीचा जीव फुकट गेला नाही. तिचे डोळे भरून आले.

"काय सुरेख ठेवलाय हो," बेहेरे म्हणाले. "किती टिकेल असा?"

मॅडमची मान ताठ झाली. हा त्यांचा हातखंडा विषय. "स्पिरिट वेळच्या वेळी बदललं, तर शंभर वर्षंसुद्धा, सर. काही होणार नाही त्याला."

"शंभर वर्षं!" बेहेरेंनी बरणी हळुवार खाली ठेवली आणि सचिवांकडे वळले. "तळ्यात कोणी दिली असती ही गॅरंटी? जतनाची सोय झाली. लिहून घ्या, जोहड बुजवायला समितीची हरकत नाही."