देवीच्या आंब्याखालचा ठिपका

"हात नका लावू, घडीवर फाटेल," सावळीराम मास्तर पुटपुटले आणि लगेच ओशाळले.

कारभारीनं हात मागं घेतला. खाटेवर पसरलेला नकाशा १८८१चा होता, म्हणजे एकशे अठरा वर्षांचा. नकाशे जमवण्यात आयुष्य घालवलेल्या मास्तरांनी आपला सगळ्यांत लाडका नकाशा पत्र्याच्या नळीत घालून नाशिकहून पठारावर आणला होता. कालपासून ते कारभारीकडंच उतरले होते.

खाली दरी, वर पठार. तपकिरी रेषा एकमेकींना चिकटल्या तिथं कडा, सैल झाल्या तिथं कारभारीचं शेत. कड्यातली पायवाट होती. देवीचा आंबासुद्धा होता.

"ह्यो माझ्या पणज्यानं लावलाय," कारभारी म्हणाला. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता. "आन् आंब्याखाली ह्यो निळा ठिपका?"

"झरा असावा. म्हणजे... माझं चुकतही असेल." मास्तर नजर वर करीनात.

तीन उन्हाळे भिकन पाणाडी तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधत रान फिरला होता. तिन्ही खड्डे कोरडे. चौथाही कोरडा गेला तर वाडीतली वीस घरं अंबडला मजुरीला जाणार, हे ठरलेलं होतं.

"आंब्याखालच्या त्या करवंदीत पाणी?" भिकन म्हणाला. "नकाशा काढणारा साहेब ताडी पिऊन आला आसंल."

"मी बोलू का जरा?" दारातून कुसाबाईनं विचारलं.

"आये, तू भाकरी बघ. हितं नकाशाचं काम चाललंय," कारभारी म्हणाला.

म्हातारी हसली आणि आत गेली.

तरी आंब्याखाली खणायला घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बारा हातांवर पहार ओली वर आली. दुपारपर्यंत खड्ड्यात गुडघाभर पाणी. भिकननं नारळ फोडला तो नकाशापुढं. बायांनी लांबूनच कागदाला हळदकुंकू वाहिलं. शंभरावर वर्षांपूर्वी घोड्यावरून गेलेल्या कुणा परक्या माणसानं हे पाणी बघून ठेवलं होतं. कारभारीच्या अंगावर काटा आला. पाया पडावं म्हणून तो मास्तरांकडं निघाला.

कुसाबाई आधीच तिथं पोचली होती. मागं लेक उभा आहे, हे तिला दिसलं नाही. तिनं पाण्याचा पहिला तांब्या मास्तरांपुढं धरला.

"माझी सासू हितनंच पाणी भरायची, मास्तर," ती हळूच म्हणाली. "उगाच हात कापत होता तुमचा त्या राती, मी सांगितलं तिथं ठिपका काढताना."