तिसरा सेन्सर

"हाही गेला गं!" शर्यतीसाठी फेरफार केलेल्या गाडीखालून बाबा ओरडले. महिन्याभरातला हा तिसरा ऑक्सिजन सेन्सर होता.

"रुसलीय तुमच्यावर," पाना पुढे करत मुलगी म्हणाली.

"आईच्या वळणावर गेलीय, तुझ्यासारखीच. येत्या रविवारी ये, पुन्हा बघू."

बुधवारी बाबा हृदयविकाराने गेले.

तेराव्यानंतर मेकॅनिकने सेन्सर काढला. त्याचं टोक पांढरं पडलं होतं. "एक्झॉस्टच्या जोडाला गळती बुजवायला साधं सिलिकॉन फासलंय, ताई. त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो. साहेब असं करतील वाटत नाही."

तो गेल्यावर ती गाडीत, बाबांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"मीच लावलं होतं, बाबा. चूक नंतर कळलीही होती. पण गाडी सुधारली असती, तर तुम्ही मला दर रविवारी बोलावलं नसतं."