सरळ काठ

चर्चच्या हॉलमधला हातमागाचा वर्ग संपला, तरी कार्मिनने घरच्या मागावर सराव सोडला नाही. पहिल्याच टॉवेलचे काठ नागमोडी झाले.

"का गो, टॉवेल विणला की वसईची खाडी?" सासू आग्नेस हसली.

मुंबईच्या दुकानवाल्या बाईने मात्र तो लगेच उचलला. "अगदी हाताचं दिसतंय! असेच आणखी द्या."

कार्मिन पावसाळाभर राबली. काठ फुटपट्टीसारखे सरळ झाले. बाईने नाक मुरडलं. "हे तर मिलचं वाटतं. गिरण्यांचा संप मिटला की काय?"

आता मागावर आग्नेस बसते आणि कार्मिन शेजारी पहारा देते. "आय, पुन्हा सरळ आलं! उसवा. शिकायचं नाही म्हणून किती वेळा सांगू?"