नेत्राकाकूंचे डबे

नाहूरला माहेरी बसून काम करताना रेवतीला कर्नलमधली, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, मेमरीची गळती एकदाची सापडली.

"काम मध्येच तुटलं ना भाऊ, की घेतलेली मेमरी परत करायची राहून जायची. साचून साचून शेवटी अख्खं मशीन ठप्प," तिने वडिलांना सांगितलं आणि चहा टाकायला उठली.

ओट्यावर जागाच नव्हती. शेजारच्या नेत्राकाकूंनी भाजी-आमटी घालून पाठवलेले डबे, सगळे घासूनपुसून ठेवलेले.

"हे परत का नाही दिलेत?"

"रिकामे कसे देऊ गं? तुझी आई होती तेव्हा काहीतरी घालूनच द्यायची."

रेवतीने चहा राहू दिला आणि रवा भाजायला घेतला. भाऊ एक डबा उघडून तिच्या शेजारी उभे राहिले.