बारा रकाने

यादी पाच वाजता लागणार होती आणि सभागृहात अजून मतदानच सुरू झालं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर बसलेला तपासनीस सकाळपासून चौथ्यांदा बुटाची नाडी बांधत होता. विमान सुरक्षा खात्यात एकोणीस वर्षं काढलेला माणूस, पण कामावरून कमी करायच्या तीनशे जणांत त्याचंही नाव होतं. मुलगी बारावीला, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर. नोकरी गेली तर पुढे काय?

शेजारी बाई बसल्या होत्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेलं, म्हणून इथेही सगळे त्यांना बाईच म्हणत. सहा महिन्यांपूर्वी विमान कोसळलं, त्यात त्यांचा मुलगा गेला. त्याच्याबरोबर आणखी एकेचाळीस जण. तेव्हापासून या कायद्यासाठी बाईंनी चपला झिजवल्या होत्या. कायदा साधा होता. जीवघेण्या अपघाताची चौकशी पुरी होईपर्यंत सुरक्षा खात्यातल्या एकाही माणसाला काढायचं नाही. बाईंच्या मांडीवर फाइल होती, खात्याने मृतांच्या नातेवाइकांना दिलेल्या कागदपत्रांची.

"धीर धरा. होईल मंजूर," बाई म्हणाल्या.

त्याला भरून आलं. जिने खात्याला शिव्याशाप द्यायचे, तीच खात्याच्या माणसांसाठी दारोदार फिरत होती.

युनियनचा चिटणीस पाणी प्यायला बाहेर आला. एकदोन मतांवर अडलंय, म्हणाला. मग सवयीने थट्टेवर गेला. "काढलंच तर एक सुख आहे. नोकरीतून गेलेल्या माणसाला चौकशीला बोलवायचा अधिकारच नाही खात्याला. घरी पाय पसरून झोपा!"

कोणी हसलं नाही. तपासनीसही हसला नाही.

"तुमचं काम कसं चालतं हो?" बाईंनी विचारलं. वेळ काढायला विचारावं तसं.

"विमानामागे एक तक्ता. त्यात बारा रकाने," तो जरा खुलला. "एक भाग तपासायचा, वेळ लिहायची, सही करायची, मगच पुढचा भाग."

"आणि सगळे रकाने शेवटी एकदम भरले तर?"

"छे, छे! तसं चालतच नाही." त्याचा हात पुन्हा नाडीकडे गेला.

"आमची मुलं भरायची," बाई म्हणाल्या. "महिन्याभराचं शुद्धलेखन एका बैठकीत. तारखा तीस, पण अक्षर एकाच दमातलं. बघताक्षणी कळायचं मला."

"तुमच्या हाताखाली मुलांची धडगत नव्हती म्हणायची."

"मारलं नाही कधी कुणाला. फक्त जागेवर उभं करायची आणि विचारायची."

घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. दार उघडलं आणि चिटणीस अक्षरशः धावत आला. "झालं! चार मतांनी झालं! यादी रद्द!"

सगळीकडे एकच गलका झाला. तपासनिसाचा जीव भांड्यात पडला. त्याने बायकोला फोन लावला, "वाचलो गं" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. डोळे पुसून तो बाईंसमोर हात जोडून उभा राहिला.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्यामुळे माझी नोकरी टिकली."

"बसा," बाई म्हणाल्या.

तो बसला. बाईंनी फाइलमधून एक झेरॉक्स काढली, त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि हाताने नीट सपाट केली. मुलाच्या विमानाचा तक्ता होता. बारा रकाने, बारा वेगवेगळ्या वेळा, खाली तपासनिसाच्याच बारा सह्या. प्रत्येक वेळेखाली लाल पेन्सिलीची बारीक रेघ ओढलेली होती.

"टिकायलाच हवी होती," बाई म्हणाल्या. "उद्यापासून चौकशी आहे. आता तुम्हाला बोलावता येईल."