ठकूबाईची नात

केतकी नमस्कारासाठी वाकली, तशी लुईझआजी दचकून मागे सरली. "ऊठ आधी! आम्ही आमची भाषा बोललो की बोर्डिंगशाळेत आम्हाला असंच वाकवायचे."

कॅनडातल्या या आदिवासी गावात आजी आता मुलांना तीच भाषा शिकवत होती आणि केतकी पुण्याहून मदतीला आलेली विद्यार्थिनी होती. "वाकणारी मदतनीस मला नको," आजी म्हणाली. "उद्याच्या गाडीने परत जा."

दुसऱ्या दिवशी गाडी निघून गेली, तेव्हा केतकी वर्गात होती. मुलं रोज करून देतात तशी आपली ओळख करून द्यायला ती ताठ उभी राहिली. आधी नदी, मग आजी, शेवटी आपण. लुईझआजीच्या भाषेत ती अडखळत म्हणाली, "माझी नदी गिरणा. माझी आजी ठकूबाई. मी केतकी."

"काल एवढं पाठ करून घेतलं, तरी अडखळलीच!" मागून एक चिमुरडी कुरकुरली.

केतकीने पुन्हा नदीपासून सुरुवात केली.

आजी तिच्याकडे पाहत राहिली. "ठकूबाईची नात भलतीच हट्टी आहे," ती मुलांना म्हणाली. "सरका रे, तिला बसायला जागा द्या."